एका आईने दार लावलं

६ जानेवारी १९९९
कोम सवान, सोहागजवळ

अत्तियात,

सलाम. आमच्याबद्दल विचारशील तर सगळे ठीक आहेत. तू विचारणार नाहीस हे मला ठाऊक आहे, पण पत्राची सुरुवात दुसरी कशी करतात ते मला येत नाही. अलेक्झांड्रियाला तुझ्या भावाला जाणारी तुझी सगळी पत्रं मीच लिहायचे. तू कणकेचे हात वर धरून सांगायचीस, मी लिहायचे. आता तू त्याच भावाच्या घरी जाऊन दोन वर्षं झाली, आणि आज तुला पहिल्यांदा लिहायला बसले तर शेजारी सांगणारं कोणी नाही.

निअमत वहिनी हे वाचून दाखवत असतील. वहिनी, तुम्हाला सलाम, मुलांना पापे.

रमजानचा अठरावा दिवस. थंडीमुळे उपास जाणवत नाही, पण डोसांसाठी दारोदार हिंडून पाय बोलायला लागतात. आईचे गुडघे आता गेलेच. परवा म्हणाली, "माझ्या दुधावर दोन पोरी वाढल्या. एकीचं तोंड बघायला मिळत नाही आणि दुसरीचं बघवत नाही." असं का म्हणालीस, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

खेशा कशी आहे? पाचवं लागलं असेल. दोन मुलं गेल्यावर झालेली पोर, म्हणून नजर लागू नये यासाठी तिला तू गोणपाटाचं नाव दिलंस, जन्माची नोंदही करू दिली नाहीस, आणि खरं नाव कोणालाच सांगितलं नाहीस. मलाही नाही. तेव्हा मला राग आला होता, तुझी दूधबहीण असून मी परकी कशी. आता वाटतं, बरं केलंस. पोलिओच्या लुळ्या पायाचा तो पट्ट्यांचा बूट पाय वाढतो तसा बदलावा लागतो म्हणे. तो पाय वाढतो का, हे मी डॉक्टरांना अजून विचारलेलं नाही.

तुझा दियाब सव्वादोन वर्षांचा झाला. तुझी सासू त्याला अंगाखांद्यावरून खाली ठेवत नाही. हाज्जा दौलतचं वय झालंय, पण नातवाला घेऊन फिरताना तिची कंबर दुखत नाही. तो तिलाच आई म्हणतो. हे लिहू नये असं ठरवलं होतं, तरी लिहून गेले.

झालं ते नशिबात होतं अत्तियात. त्यात कोणाला काय बोल लावायचा. सोबत खजूर पाठवते आहे, आपल्या नदीकाठच्या झाडाचे. आमच्या भिंतीवर नवं घड्याळ आलंय, टिकटिक फार करतं. कुठून आलं ते पुन्हा कधीतरी सांगेन.

तुझी
फिक्रिया

३० जानेवारी १९९९

अत्तियात,

तुझं उत्तर नाही. ईद झाली, मी रोज टपालवाल्याच्या सायकलकडे डोळे लावून होते. असू दे.

एक गोष्ट तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच सांगते. तुमच्याकडच्या दवाखान्यातही तो कागद पोचला असेल. पोलिओच्या डोसांचा. वर ठळक अक्षरांत लिहिलंय, "एका आईने दार लावलं." खाली चित्र आहे. एका बाजूला दार अडवून उभी असलेली बाई, दुसऱ्या बाजूला कुबडीवरची मुलगी. त्यात कुठेही नाव नाही. चित्रातल्या बाईच्या हनुवटीवर तीन टिंबांचं गोंदण आहे, तुझ्या आहे तसं. चित्रकाराला ते मी सांगितलं नव्हतं. बहुधा नव्हतं.

तुला आठवतं ना, पूर्वी मी थेंबांचा थंड डबा खांद्याला लावून गल्लीत शिरले की बायका कशा गायब व्हायच्या? म्हातारे ओट्यावरून ओरडायचे, "आमच्या लहानपणी असेच आले होते सुया घेऊन, नदीच्या किड्यावर इलाज म्हणून. त्या सुयांनी आमची यकृतं खाल्ली. आता पोरींना काय पाजताय, कूस बंद करायचं औषध?" सुयांचं ते खरंच होतं, एकच सुई साऱ्या गावाला टोचली आणि यकृताचा रोग पसरला. माझा बापही त्यातच गेला. मला शिकवलेली चार वाक्यं मी पोपटासारखी म्हणायचे आणि पुढच्या दाराला जायचे.

तू गेल्यावर एकदा गल्लीतल्या सबाहने माझ्या तोंडावर दार ओढलं. मी दमले होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "अत्तियातची खेशा पाहिलीस ना? तिच्या आईनेही असंच दार लावलं होतं." सबाहने दार उघडलं. मी न सांगता पोराचं तोंड तिने दोन बोटांनी फाकवलं.

त्या दिवशी मला कळलं की माझी चार वाक्यं काही कामाची नाहीत आणि ही गोष्ट कामाची आहे. मग मी ती सगळीकडे सांगू लागले. सांगता सांगता ती चांगली जमली. तू दार कसं आपटलंस, आतून काय म्हणालीस, सगळं आलं त्यात. डॉक्टर मुनीरनी ऐकली, लिहून घेतली, वर पाठवली. कागद छापला गेला. मला प्रशस्तिपत्र मिळालं आणि ते घड्याळ.

आता तूच सांग, यात वाईट काय झालं? गावातली जवळपास सगळी मुलं डोस घेतात. हाज्जा दौलत, जी मला "इब्लिसाची आरोग्यसेविका" म्हणायची, ती दियाबला घेऊन पहिली रांगेत असते आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणते, "याची आई असती तर याचंही तसंच झालं असतं."

तेव्हा मी मान खाली घालून डब्यातला बर्फ बघत असते.

फिक्रिया

१६ फेब्रुवारी १९९९

अत्तियात,

तुमचं पत्र मिळालं. निअमत वहिनींचं अक्षर सुरेख आहे. चारच ओळी, पण मी त्या इतक्यांदा वाचल्या की घडीवर कागद फाटला. "अत्तियात म्हणते, खजूर मिळाले, मुलांनी खाल्ले. अत्तियात म्हणते, फिक्रियाच्या डोसांच्या वहीत त्या दिवशी काय लिहिलं होतं ते विचारा. आणि त्याच्याआधी काय लिहिलं होतं तेही विचारा."

म्हणजे तुला ठाऊक आहे. मला वाटत होतं, नसेल.

त्या वहीत तीनच रकाने असतात अत्तियात. डोस दिला. मूल घरी नव्हतं. आईचा नकार. चौथा रकाना नाही. घरोघर काय काय होतं हे रकाने आखणाऱ्याला कुठून कळणार? मला त्या तीनातलाच एक भरणं भाग होतं.

आणि आणखी एक. डॉक्टर मुनीर स्वतः म्हणाले आहेत की एका खेपेने पोर वाचलीच असती असं नाही, दोनतीन खेपा लागतात. मी त्यांच्याकडून हे दोनदा वदवून घेतलं. त्या महिन्यात रोग गावात होताच. तेव्हा तो दिवस तसा गेला नसता, तरी कदाचित

वरचं वाक्य अर्धंच राहू दे. काल ते लिहिलं आणि उठून गेले. आज पुढे लिहायला घेतलं, तर आपलीच लाज वाटली.

मयताच्या घरून आले होते मी त्या दिवशी, हे तुला ठाऊकच आहे. आणि तू बाळंतीण. एवढंच लिहिते. निअमत वहिनींच्या देखत मी याहून जास्त कसं लिहू?

फिक्रिया

५ मार्च १९९९

निअमत वहिनी,

हे पत्र मोठ्याने वाचा. दार उघडं ठेवून वाचलंत, शेजारणींनी ऐकलं, तरी चालेल. मध्ये थांबू नका, आणि माझी दया येऊन किंवा तिची दया येऊन एकही ओळ गाळू नका.

अत्तियात,

ऑक्टोबरचा महिना होता. शेख अब्दूनच्या घरी मयत झालं होतं आणि अर्धं गाव तिथे बसलं होतं. तुझी सासूही. सात महिने मी तुझ्या मागे लागले होते की खेशाला डोस देऊ या, आणि सात महिने हाज्जा दौलत नको म्हणत होती. तू "सासू म्हणेल तसं" म्हणायचीस. मग दियाब झाला आणि दियाब वीस दिवसांचा असताना तू मला निरोप पाठवलास. म्हातारी संध्याकाळपर्यंत मयताच्या घरी आहे, आत्ता ये. आजवर कुठल्याही बाईने मला आपण होऊन बोलावलं नव्हतं. तू पहिली.

निरोप मिळाला तेव्हा मी त्याच मयताच्या घरात बसले होते. डबा बाहेर नजाहजवळ होता, त्या फेरीत ती माझ्या जोडीला होती. मी डबा उचलला आणि तशीच तुझ्याकडे आले. तुझ्या उंबऱ्याशी आल्यावर मला आठवलं.

वहिनी, तुम्ही शहरातल्या. आमच्याकडे मयताच्या घरून आलेली बाई चाळीस दिवसांच्या आतल्या बाळंतिणीपुढे गेली की तिचं दूध आटतं असं म्हणतात. नवा चंद्र दिसेपर्यंत जायचं नाही. आरोग्य केंद्राच्या ओट्यावर बसून मीच बायकांना शिकवायचे की हे सगळं खुळ आहे. "कोण मेलं आणि कोणाचं दूध आटलं, त्याचा काय संबंध बयांनो," असं म्हणून मी त्यांना हसवायचे.

पण माझ्या हिशामच्या वेळी माझं दूध आटलं होतं अत्तियात. मावशी मयतावरून थेट माझ्या खाटेशी आली आणि तिसऱ्या दिवशी मी कोरडी झाले. तुझ्याच अंगावर वाढला तो महिनाभर. ओट्यावर मी काहीही बोलले तरी पोटात माझा त्यावर विश्वास होता. आजही आहे की नाही, विचारू नकोस.

मी उंबऱ्याबाहेर थांबले. तू आतून म्हणालीस, "ये ना."

मी म्हणाले, "मी अब्दूनच्या घरून आलेय."

तू म्हणालीस, "मग आत नको येऊस. दियाबला मी आतल्या खोलीत ठेवलाय. पोरीला मी बाहेर धरते. मी तोंड फिरवते, तू थेंब घाल."

आणि दार अर्धं उघडून तू खेशाला काखेत धरून दोन्ही हातांनी बाहेर काढलंस. तुझं तोंड भिंतीकडे होतं. मला फक्त तुझे हात दिसत होते, पिठाचे. पोर पाय हलवत होती. दोन्ही पाय.

मी मागे सरले.

उद्या या घरात काही झालं, दूध आटलं, बाळ आजारी पडलं, तर ते माझ्यावर येईल, हे एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी म्हणाले, "चंद्र दिसू दे, मग येते." तू म्हणालीस, "तोवर म्हातारी घरी असेल." मी ऐकलं नाही असं केलं.

नजाह दोनच घरं पुढे होती. ती मयताच्या घरात शिरलीच नव्हती, बाहेर बाभळीखाली बसून होती. एक हाक मारली असती तर आली असती. पण हाक मारायची तर कारण सांगायला हवं होतं. सगळ्यांना हसणारी फिक्रिया स्वतः उंबरा ओलांडायला घाबरते, हे नजाहला कळलं असतं आणि मग गावाला. तुझ्या पोरीचा पाय त्या एका हाकेपायी गेला. एका खेपेने वाचली असती की नसती ते देव जाणे. डोस द्यायचा होता आणि मी दिला नाही, एवढं मी जाणते.

जाताना तुझ्या दारावर मी गुलाबी खडूने खूण केली, डोस दिल्याची. वहीत पहिला रकाना भरला. चंद्र दिसला, मी आले नाही. अठरा दिवसांनी खेशाला ताप भरला.

तिचा पाय लुळा पडला आणि तपासणीवाले गावात येणार असं कळलं, त्या सकाळी मी तुझ्या दारावरची खूण माझ्या बाहीने पुसली. वहीतला पहिला रकाना खोडून तिसरा भरला. आईचा नकार. तू मला खिडकीतून पाहिलंस का त्या वेळी? गेले पंधरा दिवस मी याचाच विचार करते आहे.

मग अंगणात सगळ्यांसमोर तू सांगितलंस, "मी तिला बाहेर धरली होती." हाज्जा दौलत म्हणाली, "ही आजवर कधी हो म्हणाली होती का, गावाला विचारा." तपासणीवाल्याने माझ्याकडे पाहिलं. तुझा नवरा रिफाई माझ्याकडे बघत होता, तूही बघत होतीस. मी जमिनीकडे बघून म्हणाले, "तिने दार लावलं."

त्या तीन शब्दांवर तुझा संसार मोडला. जी आई डोस देत नाही तिच्याकडे वंशाचा दिवा कसा ठेवायचा, असं म्हणून म्हातारीने दियाबला ठेवून घेतला. अंगावरचं पोर तोडलं तुझं. दूध आटू नये म्हणून मी उंबऱ्याबाहेर थांबले होते, आणि ते दूध नंतर तू अलेक्झांड्रियाच्या गाडीत ओढणीत पिळलंस, हे त्याच गाडीत असलेल्या निअमत वहिनींच्या भावाने गावात सांगितलं तेव्हा मी विहिरीवर उभी होते. घागर भरून घरी आले आणि स्वयंपाक केला.

वही आजही माझ्याकडे आहे. खोडलेलं अजून वाचता येतं. मी त्या ओळीखाली आज लिहिलंय, "आईने मूल पुढे केलं. सेविका मागे सरली." कुठल्याच रकान्यात बसत नाही, म्हणून आडवं लिहिलं. मुलीच्या नावाच्या जागी नुसतंच "अत्तियातची मुलगी" आहे. खरं नाव विचारायचा मला हक्क नाही. ते तसंच राहू दे.

माफी मागत नाही. मागितली तर तुला ती द्यावी की नाही याचा विचार करावा लागेल, आणि मी तुला पुष्कळ त्रास दिला आहे. अकरा तारखेला नव्या फेरीची सभा आहे, आणि त्यात मला तो कागद घेऊन ती गोष्ट सांगायची आहे.

फिक्रिया

२१ मार्च १९९९

अत्तियात,

सभा झाली. क्रमाने सांगते, नाहीतर माझ्याच्याने होणार नाही.

आरोग्य केंद्राच्या अंगणात बायका पुढे, पुरुष भिंतीशी. शहरातून तीन पाहुणे आले होते. डॉक्टर मुनीरनी मला बोलावलं, "या, आपली गोष्ट सांगा." पहिल्या ओळीत तुझी सासू, मांडीवर दियाब. मी कागद वर धरला आणि म्हणाले, "ही बाई तुम्ही सगळ्या ओळखता. हिने दार लावलं नव्हतं. दार उघडून पोर माझ्यापुढे धरली होती. मागे सरले ती मी." मग बाकीचं सांगितलं. मयताचं घर, दूध, खडू, बाही, वही. आवाज मागपर्यंत पोचत नव्हता, मागच्या बायका "मोठ्याने बोल" म्हणाल्या, तेव्हा पुन्हा सुरुवातीपासून सांगावं लागलं. ते दुसऱ्यांदा सांगणं जास्त कठीण गेलं.

हाज्जा दौलत म्हणाली, "खोटं बोलते. हिला आता काहीतरी हवं असेल." रिफाई भिंतीशी उभा होता. तो पाठ फिरवून निघून गेला.

डॉक्टरनी मला आत नेलं. ते रागावले नाहीत, ते जास्त वाईट वाटलं. म्हणाले, "फिक्रिया, लोक आता आपल्यावर विश्वास कसा ठेवतील?" मी म्हणाले, "डॉक्टर, आतापर्यंत तरी ते कशावर विश्वास ठेवत होते?" त्यांनी डबा माझ्या खांद्यावरून उतरवून घेतला आणि मला घरी जायला सांगितलं. ते कागद त्यांनी बांधून कपाटात ठेवले, हे नजाहकडून कळलं. घड्याळ मी परत नेऊन दिलं. घरात आता शांत वाटतं.

फेरीत नऊ घरांनी दार लावलं. शिकवणारीच भित्री आणि लबाड, तर तिचं औषध कशाला, असं म्हणाले. त्या नऊ घरांत सतरा मुलं आहेत, मी त्यांची नावं पाठ केली आहेत. हे माझ्यामुळे झालं, तेही तुला सांगायला हवं. खरं बोलले म्हणून सगळं चांगलं झालं असं नाही.

पण बदरिया आली. उसाच्या पलीकडची, जिने तुझी गोष्ट ऐकूनही कधी दार उघडलं नव्हतं. मी नोकरी गेलेली बाई, ओट्यावर मसूर निवडत बसले होते. तीन पोरं घेऊन समोर उभी राहिली. म्हणाली, "इतकी वर्षं तू आम्हाला अडाणी म्हणून हसत होतीस. तू आमच्यातलीच निघालीस. आता मला सांग, त्या थेंबांनी काय होतं आणि काय होत नाही."

मी सांगितलं. एका खेपेने भागत नाही, पुन्हा पुन्हा द्यावे लागतात, तेही सांगितलं. पूर्वी हे मी कधी सांगत नसे, बायका कंटाळतील म्हणून. ती म्हणाली, "सुयांचं काय?" मी म्हणाले, "सुयांचं खरं होतं. माझा बाप त्यात गेला. हे त्या सुयांसारखं नाही, माझ्या हिशामला मी दिलेत." तिने धाकट्याला कडेवर उचललं. मग मीच तिला नजाहकडे घेऊन गेले, डब्याला हात न लावता. परवा तिने तिच्या जावेला पाठवलं. त्या जावेचं घरही दार लावलेल्या नऊंपैकीच एक आहे.

आता दियाबचं.

रिफाई सभेच्या दुसऱ्या दिवशी आमच्या दाराशी आला. आत येत नव्हता. म्हणाला, "तिने मला तीनदा सांगितलं होतं. मी तुझ्या वहीवर विश्वास ठेवला." मी वही आणून त्याच्या हातात दिली. त्याने खोडलेलं बोटाने चाचपून पाहिलं, जशी आंधळी माणसं बघतात. मला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तो पाच दिवस रोज त्याच्या आईशी भांडला. अख्खी गल्ली ऐकत होती. शेवटी म्हणाला, येत्या मोठ्या ईदला पोराला आईकडे पाठवतो, पुढचं अत्तियात सांगेल तसं. म्हातारीने दोन दिवस अन्न घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी दियाबचे कपडे स्वतः घड्या घालून गाठोडं बांधलं आणि माझ्याकडे न बघता दिलं. रिफाईला तुझ्यासमोर यायचं धाडस नाही. ज्याने तोडलं त्याने जोडावं, म्हणून पोर मीच न्यावं असं ठरलं.

मी वाणसामानाच्या दुकानातून तुझ्या भावाच्या बेकरीवर फोन केला तेव्हा निअमत वहिनी होत्या. त्या म्हणाल्या, थांबा, विचारून येते. मी थांबले. दुकानदार मिठाची पोती मोजत होता. वहिनी परत आल्या आणि म्हणाल्या, "ती म्हणते, पोराला आण. तू घरात येऊ नकोस."

बरोबर आहे. मी घरात येणार नाही.

पंचवीसला गुरुवार आहे. सकाळच्या गाडीने निघू, संध्याकाळी अलेक्झांड्रियाला पोचू. स्टेशनवर ये. दियाब तुला ओळखणार नाही, रडेल, माझ्या मानेला घट्ट धरून बसेल, तर वाईट वाटून घेऊ नकोस. त्याला गोड खजूर आवडतात, ते त्याच्या खिशात ठेवले आहेत. सगळे डोस झालेले आहेत, कार्ड गाठोड्यात वरच आहे. मी त्याला काखेत धरून दोन्ही हातांनी पुढे करीन, तू त्या दिवशी धरली होतीस तसं. तुला माझं तोंड बघायचं नसेल तर मी तोंड फिरवीन. तू हात पुढे करून घे त्याला.

खेशाला आणू नकोस. किंवा आण. तिला मला काही विचारायचं असेल, तर मी परतीची गाडी सुटेपर्यंत तिथेच उभी असेन.

फिक्रिया